फायनलचा हट्ट सोडा, साखळीतली मॅच धरा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

परदेशात जाऊन मोठी स्पर्धा स्टेडियममध्ये बसून बघायची असेल तर काय विचारायचं ते विचारा, असं गेल्या अंकात एका ओळीत लिहिलं होतं आणि त्यावर पत्रं, मेसेज इतके आले की सगळ्यांना इथं जागा देणं शक्य नाही. निम्म्याहून जास्त प्रश्न यंदाच्या, म्हणजे 2026 च्या फुटबॉल वर्ल्ड कपचे आहेत, कोल्हापूर म्हटल्यावर ते साहजिकच आहे. पण नेमबाजी, कबड्डी, एशियन गेम्स असं पण लोकांनी विचारलंय याचा मनापासून आनंद झाला.

प्रश्न : आम्ही मंगळवार पेठेतले चौघं मित्र, लहानपणापासून ब्राझीलवाले. कतारच्या वर्ल्ड कपनंतर भिशी लावून पैसे साठवलेत आणि यंदा फायनलच बघायची असं ठरलंय. एकजण म्हणतो विमान स्वस्त आहे तोवर काढून टाकू, दुसरा म्हणतो आधी व्हिसा. मॅचचं तिकीट अजून कुणाकडंच नाही. आधी काय करावं?

उत्तर : भावांनो, विमानाला अजिबात हात लावू नका. आणि पहिलं म्हणजे तो फायनलचा हट्ट सोडा, हे मी तुमचा उत्साह मारायला म्हणत नाही, उलट तुमची चार वर्षांची भिशी सार्थकी लागावी म्हणून म्हणतोय. 19 जुलैची फायनल न्यूयॉर्कजवळ न्यू जर्सीत ईस्ट रदरफर्डला आहे. फिफानं सुरुवातीला दर जाहीर केले तेव्हाच फायनलचं सगळ्यात महाग तिकीट 6,730 डॉलर होतं आणि यंदा तिकिटांचे दर मागणी बघून वरखाली होतात, म्हणजे तो आकडा सुरुवातीचा धरायचा. बरं एवढं करून त्या दिवशी मैदानात पिवळी जर्सी असेल याची खात्री कोण देणार? 2002 नंतर ब्राझील फायनलला पोचलेलं नाही हे पेठेतल्या माणसाला मी काय सांगू.

आता साखळीतल्या मॅच बघा. ब्राझील ग्रुप सी मध्ये आहे, सोबत मोरोक्को, हैती आणि स्कॉटलंड. 13 जूनला मोरोक्कोशी मॅच आहे ती न्यू जर्सीतच, फायनल जिथं आहे त्याच स्टेडियमवर. 19 जूनला हैतीशी फिलाडेल्फियात, 24 ला स्कॉटलंडशी मायामीत. मोरोक्को म्हणजे साधा संघ नव्हे, 2022 ला स्पेन आणि पोर्तुगालला बाहेर काढून सेमीफायनलला गेलेला संघ आहे, त्यामुळं पहिलीच मॅच दाबून होणार आणि त्या दिवशी ब्राझील मैदानात असणार हे पक्कं, तारखेसकट पक्कं. स्टेडियम तेच, गवत तेच, वातावरण तर माझ्या मते फायनलपेक्षा भारी, कारण फायनलला बड्या कंपन्यांचे पाहुणे जास्त असतात आणि साखळीच्या मॅचला खरे नादिष्ट लोक.

मायामी सोडून द्या, लांब आहे आणि विमानाचा खर्च वाढतो. न्यू जर्सी आणि फिलाडेल्फिया मात्र एका दमात होतं. एडिसन, आयझेलिन हा भाग आपल्या लोकांनी भरलेला आहे, तिथं कुणाचा तरी मावसभाऊ, मेव्हणा, कॉलेजचा मित्र निघतोच, पेठेत नुसतं विचारून बघा. एडिसन ज्या रेल्वे लाईनवर आहे तीच लाईन वर सिकॉकसला जाते, तिथून स्टेडियमची गाडी सुटते, आणि खाली ट्रेंटनला जाऊन गाडी बदलली की फिलाडेल्फिया. फिलाडेल्फियाचं स्टेडियम तर तिथल्या मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनलाच आहे. फक्त एक, मॅचच्या दिवशीच्या स्टेडियम गाडीचं तिकीट वेगळं आणि आधीच घ्यावं लागेल असं धरूनच चाला, ऐनवेळी स्टेशनवर जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. आणि नकाशात शोधताना गोंधळू नका, वर्ल्ड कपपुरती सगळ्या स्टेडियमची कंपन्यांची नावं काढून टाकलेली असतात, त्यामुळं तुमच्या तिकिटावर न्यूयॉर्क न्यू जर्सी स्टेडियम असं असेल आणि जुन्या नकाशात मेटलाइफ स्टेडियम दिसेल, दोन्ही एकच.

क्रम विचारलाय तर : मॅचचं तिकीट, मग व्हिसा, मग विमान. तिकिटांच्या लॉटऱ्या होऊन गेल्या, एप्रिलपासूनचा शेवटचा टप्पा म्हणजे जो आधी येईल त्याला, फिफाच्याच वेबसाईटवर. त्याशिवाय फिफाचाच अधिकृत रिसेल आहे, तिथं विकणाऱ्याकडून 15 टक्के आणि घेणाऱ्याकडून 15 टक्के फिफा कापून घेतं, तेव्हा दिसणाऱ्या आकड्यात ते धरलंय का बघून घ्या. थेट फिफाकडून तिकीट घेतलेल्यांना व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लवकर मिळावी म्हणून अमेरिकेनं 'फिफा पास' अशी सोय काढलीय, तिकीट आधी घ्या म्हणतोय ते त्यासाठीच. पण नीट समजून घ्या, लवकर मिळते ती तारीख. तिकीट आहे म्हणून व्हिसा मिळतोच असं नाही. फी 185 डॉलर, ती नाकारलं तरी परत येत नाही.

मुलाखत मुंबईला बीकेसीत. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालात तर गाडी लेट झाली की जीव टांगणीला लागतो, म्हणून आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करा. तिथं पाठांतर करून बोलू नका. नोकरी काय, धंदा काय, घरी कोण, कुठल्या तारखेला कुठली मॅच, परत कधी येणार, एवढं सरळ सांगायचं. आणि चौघांनी आत्ताच एकत्र बसून एक गोष्ट ठरवा, अवघड आहे पण ठरवा : एकाला व्हिसा नाकारला तर बाकीचे तिघं जाणार की नाही? आणि त्याच्या तिकिटाचा, भिशीतल्या वाट्याचा हिशोब कसा? प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्र होतो, मित्र म्हणून चौघांना एकदम देत नाहीत. हे आधी बोललेलं असलं की मैत्रीत नंतर खडा पडत नाही.

विमान सगळ्यात शेवटी, आणि तारीख बदलता येईल असंच घ्या, थोडं महाग पडलं तरी.

प्रश्न : राजारामपुरीतल्या ओळखीतून एकानं वर्ल्ड कपचं 'व्हीआयपी पॅकेज' देतो म्हणून सांगितलंय. तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवला, बाकी पैसे रोख आणि आठवड्यात द्या म्हणतो. घ्यावं का?

उत्तर : नाही. यंदाची तिकिटं फक्त मोबाईलमध्ये, फिफाच्या ॲपमध्ये येतात, आणि गेटवर तेच चालतं. स्क्रीनशॉट, पीडीएफ, कागदाची प्रिंट यातलं काहीही तिकीट नव्हे. खरंच तिकीट असेल तर तो माणूस ॲपमधून तुमच्या नावाच्या अकाउंटला ट्रान्सफर करून दाखवेल, तेवढं होईपर्यंत एक रुपया देऊ नका, ओळखीचा असला तरी. जेवणखाण, चांगली जागा असलेली अधिकृत पॅकेजेस ऑन लोकेशन ही कंपनी विकते, तुमचा माणूस त्यांच्याकडून घेतो म्हणत असेल तर त्यांच्या वेबसाईटवर त्याचं नाव येतं का बघा. रोख आणि घाई, हे दोन शब्द एकत्र आले की तिथून उठायचं.

प्रश्न : खरं सांगा, टीव्हीवर इतकं जवळून, स्लो मोशनमध्ये, मराठी घरात बसून चहा पीत बघायला मिळतंय, मग लाखभर रुपये घालून लांबच्या गॅलरीत बसून मुंगीएवढे खेळाडू बघायचे कशाला? मुलाशी यावरून रोज वाद होतो. (शाहूपुरीतून)

उत्तर : तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि बरेच लोक मनातल्या मनात तो विचारत असतात. चेहरा, घाम, बूट बघायचा असेल तर टीव्हीच चांगला. पण टीव्ही बॉलच्या मागं धावतो. बॉल नाही तिथं काय चाललंय हे तो तुम्हाला दाखवतच नाही आणि फुटबॉलमधला नव्वद टक्के खेळ बॉल नाही तिथंच चाललेला असतो.

26 नोव्हेंबर 2022, कतारमध्ये लुसेल स्टेडियम, अर्जेंटिना आणि मेक्सिको. मी वरच्या गॅलरीत होतो. अर्जेंटिना पहिली मॅच सौदी अरेबियाशी हरलेलं, ही हरली तर थेट घरी, आणि 88,966 माणसं त्या दडपणाखाली बसलेली. पहिला तासभर मेस्सी चालतच होता. खरोखर चालत होता, टीव्हीवर बघणाऱ्यांना वाटलं असेल दिसतच नाही, पण वरनं बघताना कळत होतं की तो सारखी मान फिरवतोय, उजवीकडं, डावीकडं, मागं, परत उजवीकडं, आणि मेक्सिकोच्या मधल्या फळीतलं अंतर मोजतोय. 64व्या मिनिटाला डी मारियाकडं उजवीकडं बॉल गेला तेव्हा मेक्सिकोचे सगळे मागं गोलकडं सरकले आणि पेनल्टी बॉक्सच्या पुढं एक मोकळा पट्टा तयार झाला आणि त्यात मेस्सी एकटा उभा. बॉल त्याच्याकडं यायच्या आधी, पास निघायच्या आधी, आमच्या अख्ख्या गॅलरीला तो पट्टा दिसला. लोक उभे राहिले ते गोल झाल्यावर नव्हे, पास दिसल्यावर. मग त्यानं बॉल थांबवला आणि खालून, गवताला घासत, कोपऱ्यात मारला.

हे टीव्हीवर नंतर पाहिलं मी. तिथं कॅमेरा डी मारियावर होता.

आणि हे बघायला कोल्हापूरकराला वेगळं शिकावं लागत नाही. शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून "अरे डावीकडं मोकळा हाय, दे की!" म्हणून ओरडणारा माणूस हेच बघत असतो, मग त्याचा संघ पाटाकडील असो, खंडोबा असो, दिलबहार असो, प्रॅक्टिस असो. वरनं सगळं मैदान एकदम दिसतं म्हणून तो ओरडतो. तेच डोळे घेऊन जायचं. आणि म्हणूनच सांगतो, खालच्या महागड्या रांगेपेक्षा वरची, मधल्या रेषेजवळची स्वस्त जागा घ्या. मुंगीएवढे दिसतात खरं, पण सगळे बावीसच्या बावीस दिसतात. मुलाला एकदा जाऊ दे. आणि जमलं तर तुम्हीही बरोबर जा, वाद तिथं मिटेल.

प्रश्न : झांज, ढोल, मोठा झेंडा, गुलाल यातलं काय नेता येईल?

उत्तर : गुलाल नाही, कुठलीही पूड नाही, फटाके धूर तर नाहीच. ढोल-झांज परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, साध्या प्रेक्षकांना ती मिळणं अवघड, तेव्हा घरी ठेवा आणि शहरात फॅन फेस्टिव्हलच्या रस्त्यावर टाळ्या वाजवा. झेंडा लहान, बिनकाठीचा, आणि त्यावर राजकीय किंवा धार्मिक काही लिहिलेलं नको. बॅग पारदर्शक प्लास्टिकची, 12 बाय 6 बाय 12 इंचाच्या आतली, साधी सॅक घेऊन गेलात तर गेटवरून परत पाठवतील. पॉवर बँक छोटी चालते आणि ती लागतेच, कारण तिकीट फोनमध्ये आणि फोन बंद पडला तर तुम्ही बाहेर.

प्रश्न : मी राधानगरी तालुक्यातली, निवृत्त शिक्षिका. आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला मेडल घेतलं तेव्हापासून मनात आहे की नेमबाजीची ऑलिंपिक फायनल एकदा डोळ्यांनी बघायची. सगळे हसतात, म्हणतात त्यात बघायला काय असतं, माणूस उभा राहतो आणि गोळी मारतो. 2028 ला जावं का?

उत्तर : बाई, हसणाऱ्यांना हसू द्या. तुमचा प्रश्न वाचून मला इतकं बरं वाटलं की हे उत्तर जरा लांबणार आहे.

1 ऑगस्ट 2024 ची ती फायनल पॅरिसला नव्हतीच, पॅरिसपासून बरंच दक्षिणेला शातोरू नावाच्या गावाजवळच्या रेंजवर होती. म्हणजे ज्यांनी 'पॅरिस ऑलिंपिक' म्हणून फक्त पॅरिसमध्ये हॉटेलं घेतली त्यांना पहाटे उठून रेल्वे गाठावी लागली. 2028 लाही हीच काळजी घ्यायची, ऑलिंपिक लॉस एंजेलिसचं असलं तरी स्पर्धेचं ठिकाण कुठल्या भागात आहे ते बघूनच राहायचं ठरवा, ते शहर अवाढव्य पसरलेलं आहे.

आता बघायला काय असतं ते. त्या 50 मीटर थ्री पोझिशनच्या फायनलला आठ जण होते. आधी गुडघ्यावर बसून 15 गोळ्या, मग पालथं झोपून 15, मग उभं राहून. प्रत्येक गोळीचे जास्तीत जास्त 10.9. स्वप्नील गुडघ्यावरच्या फेरीनंतर सहावा होता, झोपून झाल्यावर पाचवा. उभं राहून मारायची वेळ आली तेव्हा खरी मजा, कारण उभं राहणं सगळ्यात अवघड, रायफल जड, शरीर हलतं, श्वास हलतो, काळजाचा ठोकासुद्धा नेम हलवतो. 40 गोळ्या झाल्या की खालचे दोघं बाहेर, आणि त्यानंतर प्रत्येक गोळीला एकजण बाहेर. तिथं तो वर सरकत गेला आणि 451.4 वर ब्राँझ पक्कं झालं. सुवर्ण चीनच्या लिऊ युकुनला, रौप्य युक्रेनच्या सर्ही कुलिशला.

टीव्हीवर दिसतो तो टार्गेटचा आलेख आणि आकडा. तिथं बसलेल्याला दिसतं ते वेगळंच. एखादा नेमबाज रायफल खांद्याला लावतो, गाल टेकवतो, स्थिर होतो, आपल्याला वाटतं आता सुटणार, आणि तो गोळी न मारताच रायफल परत खाली घेतो. काहीतरी मनासारखं जुळलेलं नसतं. घड्याळ चाललेलं असतं, शेजारच्याची गोळी सुटून गेलेली असते, लोकांच्या टाळ्या चाललेल्या असतात आणि हा माणूस दोन श्वास घेतो आणि परत सुरुवातीपासून सगळं करतो. ते रायफल खाली घेणं म्हणजे त्या खेळातलं सगळ्यात मोठं धाडस आहे असं माझं मत आहे, आणि ते बघायला तिथंच बसावं लागतं. तुम्ही शिक्षिका, परीक्षेला बसलेल्या पोरांचे चेहरे आयुष्यभर बघितलेत, तुम्हाला हा खेळ बाकीच्यांपेक्षा लवकर कळेल.

लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक 14 ते 30 जुलै 2028 आहे आणि तिकिटं 28 डॉलरपासून. फायनलचं तिकीट मिळालं नाही तर पात्रता फेरीचं घ्या, ते मिळणं सोपं असतं आणि तिथं आठ नाही तर कितीतरी देशांचे नेमबाज एका ओळीत उभे असतात. स्वप्नील पॅरिसला पात्रता फेरीतून सातव्या नंबरानं आत आला होता, म्हणजे खरी धाकधूक त्या फेरीतच होती. सराव म्हणून आधी आपल्या देशातली एखादी मोठी स्पर्धा बघा, दिल्लीच्या कर्णी सिंग रेंजवर नेमबाजीचे वर्ल्ड कप होतात, 2023 ला भोपाळलाही झाला. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ज्या जिल्ह्यातून आल्या तिथल्या माणसानं नेमबाजी बघायला जायचं नाही तर कुणी जायचं?

यंदाच्या ग्लासगोच्या कॉमनवेल्थ गेम्सना मात्र नेमबाजीसाठी जाऊ नका, तिथं यंदा नेमबाजी नाही. कुस्तीपण नाही. कुणी गल्लीत पॅकेज विकत असेल तर हे सांगा.

प्रश्न : नवऱ्याला मित्रांबरोबर अमेरिकेला जायचंय. मला आणि दोन मुलांना (वय 9 आणि 13) घेऊन जाईल अशी कुठली स्पर्धा आहे का? मुलगी कबड्डी खेळते.

उत्तर : आहे की, आणि यंदाच आहे. जपानमध्ये आयची-नागोयाला 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर एशियन गेम्स आहेत, कबड्डी त्यात असते, आणि गेल्या वेळी हांगझोला आपल्या पोरींनी आणि पोरांनी दोघांनी सुवर्ण घेतलं होतं. मुलीसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण ऑलिंपिकला कबड्डी नसते. मुलं बरोबर असताना मला मोठ्या फुटबॉल स्टेडियमपेक्षा अशी छोट्या हॉलमधली स्पर्धा जास्त पटते, बाथरूम जवळ, गर्दी आवाक्यातली, आणि खेळाडूचा आवाजसुद्धा ऐकू येतो, 'कबड्डी कबड्डी' म्हणताना दम कुठं तुटतो ते मुलीला स्वतःच्या कानांनी कळेल.

अडचण एकच, गणपती. यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी 25 ला. घरच्या बाप्पांचं विसर्जन आधी होत असेल तरी कोल्हापूरची मिरवणूक सोडून कुणी जाईल असं मला वाटत नाही, मुलं तर नाहीच. मिरवणूक बघून झोप काढा आणि मग निघा, स्पर्धेचा शेवटचा आठवडा पूर्ण मिळतो. कबड्डीचं वेळापत्रक बघूनच तिकीट काढा, कारण तुमचा खेळ आधीच संपला असेल तर उपयोग नाही. आणि एवढ्या लांब नकोच असेल तर 2030 चे कॉमनवेल्थ गेम्स अहमदाबादला आहेत, कोल्हापूरहून थेट गाडी आहे, व्हिसा नाही, पासपोर्ट नाही. मुलगी तेव्हा मोठी झालेली असेल आणि कदाचित प्रेक्षकात नसेलही.

प्रश्न : वय 68, दोन्ही गुडघे दुखतात. मुलगा डल्लासला आहे, म्हणतो बाबा या, अर्जेंटिनाच्या मॅचची तिकिटं काढतो. झेपेल का?

उत्तर : काका, झेपेल, आणि तुम्ही नशीबवान आहात कारण अर्जेंटिनाच्या साखळीतल्या दोन मॅच डल्लासलाच आहेत, 22 जूनला ऑस्ट्रियाशी आणि 27 ला जॉर्डनशी. पहिली 16 तारखेची अल्जेरियाशी कॅन्सस सिटीला आहे, ती सोडा, ते स्टेडियम उघडं आहे आणि जूनमध्ये तिथं उकाडा असतो. डल्लासच्या स्टेडियमला छप्पर आहे आणि एसी आहे. ते शहरात नाही, आर्लिंग्टनला आहे, आणि तिथं मेट्रो स्टेडियमपर्यंत जात नाही, तेव्हा गाडी कुठं लावायची आणि तिथून किती चालायचं हे मुलाला आत्ताच शोधायला सांगा. मॅच दिसते दोन तास पण चालणं, रांग, तपासणी धरून सहज पाच-सहा तास पायावर जातात.

तिकीट काढताना 'ॲक्सेसिबिलिटी' म्हणून वेगळा प्रकार असतो, त्यात कमी पायऱ्यांच्या जागा असतात, मुलानं नेहमीचं तिकीट काढून मग बदलायला जाऊ नये, सुरुवातीलाच हे घ्यावं. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. प्रवासाचा विमा काढताना गुडघ्याचं दुखणं लपवू नका, लपवलं तर ऐनवेळी ते पैसे देत नाहीत. आणि आतापासून रोज संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला सुरुवात करा, थोडं थोडं वाढवत.

प्रश्न : भडंग, शेंगदाण्याची चटणी, सुकं मटण नेलं तर चालेल का?

उत्तर : मटण नाही, कुठल्याही स्वरूपात नाही. ताजी फळं, बियाणं नाही. भडंग, कोरडी चटणी, लाडू चालतात, फक्त विमानतळावर 'खाण्याचं सामान आहे का' विचारलं की 'हो' सांगायचं. लपवल्यावर दंड होतो, सांगितल्यावर बहुतेक वेळा बघून सोडतात. स्टेडियममध्ये बाहेरचं खाणं जात नाही, भरपेट खाऊन जा.

प्रश्न : दादा, मी शाळेच्या संघाची गोलकीपर आहे, अकरावीत. घरची परिस्थिती अमेरिकेला जायची नाही. व्हॉलंटिअर म्हणून फुकट जाता येतं का? आणि कधी तरी जायला मिळालंच तर कुठली सीट घ्यायची?

उत्तर : व्हॉलंटिअरला विमान आणि राहणं स्वतःचं असतं, फुकट काही नसतं, त्यामुळं परदेशासाठी तो रस्ता सध्या धरू नकोस. पण आपल्याकडं स्पर्धा येतात तेव्हा धर. 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात भारताकडून खेळला, आणि 2022 ला मुलींचाही झाला, त्याची फायनल नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर होती, स्पेननं कोलंबियाला 1-0 हरवलं. पहाटेच्या गाडीनं जाऊन येण्यासारखं अंतर. असं काही जाहीर झालं की व्हॉलंटिअरची नोंदणी आधी निघते, त्यावर लक्ष ठेव, आणि पासपोर्ट आत्ताच काढून ठेव, कोल्हापुरातच पोस्टाच्या केंद्रात होतो.

सीटचं म्हणशील तर वर मी सगळ्यांना मधल्या रेषेजवळची उंच जागा सांगितली, तुला नाही सांगणार. तू गोलच्या मागची घे, ती बहुतेक ठिकाणी सगळ्यात स्वस्तही असते. बॉल लांब, पलीकडच्या गोलजवळ असताना कीपर काय करते ते बघ, कारण टीव्हीवर ती तेव्हा कधीच दिसत नाही. ती किती पुढं येते, डिफेंडरला हातानं कुठं ढकलते, काय ओरडते, बॉल आपल्या हाफमध्ये आला की किती पावलं मागं जाते आणि पोस्टला हात लावून जागा कशी तपासते. हाफटाइमला संघ बाजू बदलतात, म्हणजे त्याच सीटवरून दुसऱ्या हाफला दुसऱ्या संघाची कीपर बघायला मिळते. वही घेऊन जा.